भाटकाराची मुलगी बाल्कांवात करते काय? श्रीमंत, अप्राप्य नायिका लिहिताना या चुका टाळा

गेली काही वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा पहिल्या चाळणीला वाचतो. गोव्यातल्या पेडणे, डिचोली, फोंडा, काणकोण, गठ्ठा कुठूनही येवो, त्यात ती असतेच. मोठं घर, पुढे बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), तिन्हीसांजेची वेळ, पांढरी साडी, मोकळे केस. नायक खालच्या वाटेने सायकलवरून जातो. ती मान वळवत नाही. दहाव्या पानावर तिचं लग्न ठरतं, नायक फेरीबोटीच्या कठड्याला टेकून सिगारेट पेटवतो आणि मांडवीचं पाणी काळं होतं.

हसायचा अधिकार मला नाही. माझी पहिली छापून आलेली कथा हीच होती. आम्ही मुंडकार, म्हणजे घर आमचं, खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. त्याच भाटकाराच्या धाकट्या मुलीवर मी ती कथा बेतली होती, नाव बदलून. पंचवीसेक वर्षांनी एका लग्नात त्या बाई भेटल्या. कथा त्यांनी वाचली होती. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तिन्हीसांजेला बाल्कांवात उभी राहून ती करते काय रे? त्या वेळेला केवढे डास असतात!" (बोलल्या अर्थात कोंकणीत. मी मराठीत लिहितोय, त्याचंही पुढे येईल.)

त्या डासांनी मला जे शिकवलं ते कुठल्या कथा-शिबिराने शिकवलं नाही. तेव्हापासून आलेल्या कथांत ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात त्या सांगतो.

तिच्या पैशाला गाव नसतं

'गर्भश्रीमंत घराण्यातली' असं लिहिलं की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्यातूनच निघतात. भाटाचा (माडांच्या बागांचा) पैसा, खाणीचा पैसा, हॉटेलचा पैसा, आखातातून पाठवलेला पैसा आणि हल्ली जमीन विकून आलेला पैसा, हे पाचही वेगवेगळे वागतात. कोणी दार उघडं ठेवतो, कोणी कुत्रा बांधतो.

भाटकाराची मुलगी म्हणालात तर आधी साल सांगा. 1955 सालची भाटकाराची मुलगी आणि 1985 सालची, यांच्यामध्ये पोर्तुगीजांपासून गोव्याची मुक्ती आहे आणि तीन कायदेशीर तडाखे आहेत. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची कूळ कायद्यातली दुरुस्ती, जिच्यामुळे कसणारं कूळच शेताचं मालक ठरलं. मुंडकाराला राहत्या घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क मिळाला. म्हणजे 1985 साली त्या मोठ्या घराची भातशेती गेलेली आहे, घर तेवढं उरलंय. वरच्या मजल्यावर पावसाळ्यात बालद्या मांडलेल्या आहेत, कारण मंगळुरी कौलं फिरवायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. बैठकीच्या खोलीतलं झुंबर तसंच आहे, त्यातले दोन दिवे लागतात.

आणि खालच्या वाटेने जाणारा तो सायकलवाला? त्याच्या बापाने मामलेदाराकडे मुंडकार म्हणून अर्ज घातलेला आहे. मुलाच्या खिशात त्याच घराविरुद्धच्या सुनावणीची तारीख आहे. ती मान वळवत नाही, याला आता कारण मिळालं. मघाशी ती नुसती गर्विष्ठ होती. आता तिला माहीत आहे की हा कोणाचा मुलगा, आणि त्यालाही माहीत आहे की तिला माहीत आहे. इथे तिचं अप्राप्य असणं दोघांनाही टोचतं, आणि गंमत म्हणजे कागदावर वर चढतोय तो नायक.

खाणपट्ट्यातली नायिका घ्या. डिचोली-साखळीकडच्या कथांत ती खाणमालकाचीच मुलगी असते. का? पट्ट्यात चार टिपर बाळगणारी घरंही श्रीमंत झाली होती. नवा मजला, नवी गाडी, मुलगी बंगळुरूला इंजिनिअरिंगला. मग सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे थोड्या सुरू झाल्या आणि मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. अंगणात ताडपत्री घातलेले टिपर, चाकांभोवती वाढलेलं गवत, बँकेचे हप्ते चालूच. अप्राप्य मुलगी एका सप्टेंबरात प्राप्य होते. मग नायकाला ती तितकीच हवी असते का? ही कथा मला अजून कोणी पाठवलेली नाही. वाट बघतोय.

लिहायला बसण्यापूर्वी एका चिठ्ठीवर तीन गोष्टी उतरवा: पैसा कशाचा, कोणत्या सालचा, आणि कागदावर सही कोणाची. चिठ्ठी कथेत यायची गरज नाही. खिशात ठेवा.

बाप ओरडतो, "इस्टेटीतून बेदखल करीन!"

हा संवाद मुंबईच्या नाटकातून आला, गोव्यात तो लटका पडतो. आमच्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली, आणि वारशाचा 2012 चा गोव्याचा कायदाही त्याच वाटेने जातो. मुलगा असो वा मुलगी, वाटा सारखा. बापाला आपल्या इस्टेटीतली निम्मीच मनाप्रमाणे देता येते, उरलेली निम्मी मुलाबाळांची राखीव. अगदी मोजक्या कारणांखेरीज ती काढून घेता येत नाही. त्यामुळे गोव्यातला बाप तसा ओरडला तर मुलगी शांतपणे म्हणेल, "पप्पा, निम्म्याचं बोला."

याहून मोठं हत्यार लेखक वापरतच नाहीत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथे नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, दोघं निम्म्या-निम्म्याचे धनी. वारशाने येणारीही त्यात येते. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे सायकलवाला तिच्याशी लग्न करून निबंधकाच्या कचेरीतून बाहेर पडतो तेव्हा तो नुसता जावई नसतो. घराण्याला भीती वाटते ती प्रेमाची नव्हे, त्या सहीची. बापाला ओरडायला लावू नका. त्याला एका संध्याकाळी ओळखीच्या वकिलाला चहाला बोलवू द्या. वकील लग्नाआधीच्या कराराचा मसुदा घेऊन येतो, मुलगी बशीत बिस्किटं मांडते, कोणी आवाज चढवत नाही.

गोव्यात नोंदणीच्या लग्नाला दोनदा सही करावी लागते, आधी इच्छा कळवायची आणि काही दिवसांनी पक्की. पहिली सायन, दुसरी सायन म्हणतात. दोन सह्यांमधले ते दिवस! एवढी तयार जागा सरकारने काढून दिलेली असताना आमचे लेखक नायिकेला रेल्वेखाली कशाला ढकलतात, कळत नाही.

'तुम्ही'वरून 'तू'वर

मराठी प्रेमकथेची एक हमखास जागा म्हणजे ती पहिल्यांदा 'तू' म्हणते तो क्षण. पुण्यात चालेल. गोव्यात कोंकणीतलं 'तूं' आई-बापालाही लागतं, दुकानदारालाही. 'तूं' म्हटलं म्हणून कोणी जवळ येत नाही. उलट, घरात कोंकणी बोलणारी ती मुलगी या मुलाशी अचानक शुद्ध मराठीत बोलायला लागली, पुस्तकातल्यासारखी, तर समजावं की तिने दार लोटून घेतलं. जुन्या ख्रिस्ती भाटकार घरात तर तिसरी पायरी असायची: आपसात पोर्तुगीज, नोकरांशी कोंकणी. नायकाला कोणती भाषा मिळते त्यावरून अंतर मोजता येतं. निवेदन मराठीत ठेवा, संवादांत कोंकणीचा हेल आणि चार शब्द येऊ द्या, आणि भाषा बदलते तिथे एका वाक्यात सांगून मोकळे व्हा.

चंद्रमुखी, आणि तिला काम नाही

वर्णन चेहऱ्याचं करू नका. तिच्या हातात काहीतरी द्या.

नारळ पाडायचा दिवस घ्या. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, एका माडावरून उतरून दुसऱ्यावर चढतोय. खाली नारळांचे ढीग. ती वही घेऊन उभी, पायात जुन्या चपला, डोक्यावर टॉवेल, कारण उन्हापेक्षा वरून पडणाऱ्या कचऱ्याचा त्रास जास्त. ढिगातला एक नारळ उचलून कानाशी हलवते, पाणी वाजत नाही म्हणून बाजूला टाकते. पाडेली वरून काहीतरी बोलतो, ती वर न बघता उत्तर देते आणि त्याच्या मजुरीचे नारळ वेगळे काढते. मोजताना ती चुकत नाही. कुंपणाबाहेर उभ्या मुलाला तिचा चेहरा धड दिसतही नाही. तिला इथे त्याची गरज नाही, एवढंच त्याला कळतं, आणि तेवढ्याने तो पुरता जातो.

जत्रेच्या नाटकात जमीनदाराची मुलगी सॅटिनची साडी नेसून येते, कारण मागच्या रांगेतल्याला श्रीमंती दिसली पाहिजे. वाचक पहिल्या रांगेत बसलेला असतो.

हा प्रकार आला कुठून

थोडं आडवळण, पण उपयोगाचं. बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधले दरबारी कवी ज्या अप्राप्य स्त्रीवर गाणी रचत ती बरेचदा आश्रयदात्या सरदाराची बायको असे. म्हणजे कवीची भाकरी तिच्या घरातून यायची. अंतर मुळातच आर्थिक होतं, त्याला नंतर चांदण्याचा मुलामा चढला. इटालियन कवी पेत्रार्कने लॉराला 6 एप्रिल 1327 रोजी आव्हिन्यॉंच्या एका चर्चमध्ये पाहिलं, असं तोच सांगतो. त्याच्या 366 कवितांच्या संग्रहात बहुतेक तीच आहे, पण सगळी त्याच्या डोळ्यांतून.

आपल्याकडे 1861 साली 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट सुरू झाली. त्याच वर्षी इंग्रजीत डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' पुस्तकरूपात निघाली. तिच्यातली एस्टेला हे या प्रकाराचं माझ्या मते सगळ्यात हुशार रूप. तिचा गारठा उपजत नाही. एका दुखावलेल्या श्रीमंत बाईने पुरुषांवर सूड उगवायला तिला तसं वाढवलंय, आणि शेवटी कळतं की ती एका कैद्याची मुलगी. अंतर कोणी तयार केलं, हे त्या लेखकाला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे का, एवढंच विचारतो.

किरकोळ, पण दरवर्षी

समुद्रकिनाऱ्यावरचा वडिलोपार्जित वाडा. जुन्या पैशाची घरं शोधायची तर चांदोर, लोटली किंवा दिवाडीकडे जा. जुन्या भाटकारांनी घरं बांधली ती गावात, शेताभाटाच्या जवळ. समुद्र दिसणारा बंगला हा पर्यटनानंतरचा पैसा. तो लिहा, पण तोच म्हणून लिहा.

श्रीमंत म्हणजे उर्मट, आणि शेवटी तिला धडा. ही कथा नव्हे, हिशेब चुकता करणं आहे. वाचकाला वास येतो.

तिला मारून टाकणं. क्षय आता चालत नाही, म्हणून मोपा विमानतळाच्या वाटेवर अपघात होतो. तिला जगू द्या. मुलांच्या फीची पावती हरवून शोधू द्या.

आणि संपूर्ण कथेत तिला एकही वाक्य नसणं. दुरूनच बघत राहिलं की अंतर आपोआप टिकतं, असं वाटतं. एकदा दोघांना दहा मिनिटं बोलू द्या, फुटकळ काहीतरी, विहिरीच्या पंपाबद्दल. बोलून झाल्यावर अंतर वाढलं तर ते खरं.

लग्नात भेटलेल्या त्या बाईंना मी मग विचारलं होतं, की तिन्हीसांजेला तुम्ही खरंच काय करायचात. म्हणाल्या, मागच्या खोलीत पप्पांची वही लिहायची. प्रत्येक मुंडकाराचं एक पान. कोण किती दिवस कामाला आला, कोणी काय नेलं. "तुझ्या बाबांच्या पानावर पप्पांनी लिहिलं होतं, न विचारता दोन चुडतं (माडाच्या झावळ्या) नेली. मी ते खोडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत लिहिलं. मी परत खोडलं." मग त्यांना कोणी जेवायला बोलावलं आणि त्या पानावर बसायला गेल्या.

ती कथा मी पुन्हा लिहितोय. अठरा पानं झाली आहेत, बाल्कांव अजून आलेलं नाही.