तैपेईत मँडरिन शिकायला जायचंय?

मँडरिन म्हटलं की आपल्याकडे बीजिंग नाहीतर शांघाय डोळ्यांसमोर येतं. मी शिकले तैपेईत, त्यामुळे इथे लिहितेय ते तैवानपुरतं. अर्ज भरण्याआधी एक ठरवा. चीनमध्ये सरलीकृत अक्षरं चालतात, तैवानात पारंपरिक. चिनी कंपन्यांसाठी दुभाष्याचं काम करायचं असेल तर सरलीकृत लागणारच. मात्र पारंपरिक शिकलेल्याला सरलीकृत वाचणं फारसं जड जात नाही, उलट दिशेने जास्त घाम गाळावा लागतो, असं माझं मत.

भाषा केंद्रात प्रवेश मिळणं हा अवघड भाग नाहीच. पदवीचा अभ्यासक्रम नसल्याने बारावीचं प्रमाणपत्र आणि बँकेत पुरेसे पैसे दाखवता आले की बहुतेक ठिकाणी काम होतं. तैवान नॉर्मल विद्यापीठाचं (तिथे सगळे ‘शीदा’च म्हणतात) मँडरिन ट्रेनिंग सेंटर १९५६ पासून चालू आहे. तिथली सत्रं मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये सुरू होतात.

डोकं लावायचं ते तासांच्या निवडीत. साधा वर्ग रोज दोन तासांचा, सघन वर्ग तीन तासांचा. ‘एवढ्या लांब आलोय तर तीनच घेऊ’ असं प्रत्येकाला वाटतं. पण वर्गात रोज नवे शब्द येतात आणि दुसऱ्या दिवशी शुद्धलेखन. अक्षरं गिरवायला संध्याकाळ अख्खी जाते. अगदी कोरी पाटी घेऊन जाणार असाल तर पहिलं सत्र साधा वर्गच घ्या. व्हिसासाठी आठवड्याला १५ तास भरावे लागतात, पण उरलेले पाच तास केंद्राची व्याख्यानं, सुलेखनाचे वर्ग किंवा ग्रंथालयातला अभ्यास यांतून भरून निघतात. हजेरी मात्र गंमतीवारी घेऊ नका, व्हिसाची मुदतवाढ तिच्यावरच अवलंबून असते.

उच्चारांत मराठी माणसाला चांगलाच फायदा आहे, आणि तो कुणी सांगत नाही. पिनयिन म्हणजे रोमन लिपीतलं लेखन. त्यात ‘बी’ दिसला तरी उच्चार आपल्या ‘प’चा, आणि ‘पी’ दिसला की ‘फळ’मधला ‘फ’. ‘जी’ म्हणजे ‘क’ आणि ‘के’ म्हणजे ‘ख’. ‘झेड’ म्हणजे जवळजवळ ‘चमचा’मधला ‘च’. हा ‘च’ आणि ‘चिमणी’मधला ‘च’ वेगळे ऐकायची सवय आपल्या कानांना लहानपणापासून असते. इंग्रजी वळणाच्या जिभांना या जोड्या घोटाव्या लागतात, आपण वहीत सरळ देवनागरीत लिहून मोकळे. सुरांच्या बाबतीत मात्र आपणही सगळ्यांच्याच रांगेत. सूर म्हणजे अक्षर उच्चारताना होणारा आवाजाचा चढउतार, तो बदलला की अर्थच बदलतो. असे चार सूर, शिवाय तिसऱ्या सुराची दोन अक्षरं लागोपाठ आली की पहिलं दुसऱ्या सुरात जातं. म्हणून ‘नी हाओ’ (नमस्कार) सुद्धा लिहिल्यासारखं बोलत नाहीत. शब्द पाठ करताना सूर सोडून पाठ करू नका, नंतर चिकटवता येत नाही.

कागदपत्रांना वेळ ठेवा. भारतात तैवानचा दूतावास नाही, व्हिसाचं काम तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्रातून होतं. दिल्ली आणि चेन्नईपाठोपाठ २०२४ मध्ये मुंबईतही ते उघडलं. प्रमाणपत्रावर आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्या, मगच या केंद्रात जा. व्हिसा हातात पडला की त्यावर मुदतवाढ मिळणार नाही असा शेरा नाही ना, हे तिथेच उभं राहून वाचा. चार महिने शिकून पुढच्या तीन महिन्यांची नोंदणी केलीत की निवासी व्हिसासाठी अर्ज करता येतो.

पैशांसाठी तैवान सरकारची ‘हुआयू’ शिष्यवृत्ती आहे. अनेक वर्षं ती महिना २५,००० तैवानी डॉलर होती. यंदाचा आकडा सूचनेत पाहून घ्या. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि केंद्रातला प्रवेश आपला आपण वेगळा मिळवायचा. फी याच पैशांतून भरायची, विमानाचं तिकीटही आपलंच. दांड्या वाढल्या की पैसे थांबतात आणि शिष्यवृत्ती असताना नोकरी करता येत नाही. स्वखर्चाने जाणाऱ्यांनाही वर्षभर शिकल्याशिवाय कामाचा परवाना मिळत नाही, त्यामुळे ‘तिथे गेल्यावर काहीतरी करू’ या भरवशावर निघू नका. खोलीसाठी सहसा दोन महिन्यांचं भाडं अनामत मागतात, तेवढी रक्कम पहिल्याच आठवड्यात लागते.

आईबाबांचा पहिला प्रश्न जेवणाचा असतो. बौद्ध परंपरेमुळे तैपेईत शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत. ताट आपण वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. पाटीवरचं ‘सू’ (素, म्हणजे शाकाहारी) हे अक्षर विमानात बसण्याआधीच ओळखायला शिका. कडक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, पण अंडं चालतं की नाही ते दुकानागणिक बदलतं, तेवढं विचारून घ्या.