सगळ्या टाइपची गाणी एकाच प्लेलिस्टमधे

सध्या ऐकतोय ती सगळी गाणी एकाच लिस्टमधे टाका, वेगवेगळी फोल्डर नकोच, फक्त क्रम नीट लावा. सुरवातीला भीमसेनजींचा अभंग, पण त्याला लगेच हळदीतलं अहिराणी डीजे गाणं जोडू नका, कान दचकतात, मधे आसोद्याच्या बहिणाबाईंची एखादी ओवी घ्या, जात्यावरचीच लय असते त्यामुळे ठेका आपोआप चढत जातो, मग खानदेशातल्या कानबाई देवीचं गाणं आणि त्यानंतर डीजे बिनधास्त! रॅप, गझल शेवटी. स्पॉटिफायमधे क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) ५-६ सेकंद ठेवा, अभंग वाजताना मात्र ते शून्यावर आणा, शेवटचा टाळ कापला जातो राव. चाळीसगावहून कन्नड घाटात जायच्या आधी डाउनलोड करून ठेवा.