कॉम्प्युटर रिसेट केला आणि क्रिप्टो वॉलेट गेलं? आधी मशीन बंद करा

हा लेख त्याच कॉम्प्युटरवर वाचत असाल तर मशीन आत्ता बंद करा आणि पुढचं मोबाइलवर वाचा. ‘अपडेट अँड शटडाउन’ नको, साधं शटडाउन. रिसेटनंतर जुनी फाइल बऱ्याचदा डिस्कवर पडलेली असते, फक्त तिची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की विषय संपला. विंडोज नुसती चालू राहिली तरी अपडेट उतरवते, ब्राउझर कॅशे भरतो. ‘अमुक रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करून चालवा’ हा नेटवर सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला सगळ्यात घातक आहे, कारण ते सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरतं. तुम्ही शोधताय ती फाइल जेमतेम काही एमबींची असते.

आधी जुना पत्ता शोधा

नाणी कॉम्प्युटरमध्ये नसतात, ती ब्लॉकचेनवर, म्हणजे सार्वजनिक नोंदवहीत, नोंदलेली असतात. तुमच्याकडून गेल्या आहेत त्या प्रायव्हेट की, म्हणजे नाणी खर्च करण्याच्या गुप्त किल्ल्या. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या वॉलेटचा एखादा जुना पत्ता (नाणी ज्यावर येतात तो अक्षर-अंकांचा लांब क्रमांक) मिळवणं. एक्स्चेंजवरून पैसे वॉलेटमध्ये काढले असतील तर ‘विथड्रॉअल हिस्टरी’त तो असतो, ईमेल आणि चॅटमध्येही शोधा. मिळालेला पत्ता ब्लॉक एक्स्प्लोररवर (ब्लॉकचेनमधल्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) टाकून शिल्लक बघा. पैसे तिथे नसतील तर पुढची मेहनत कशाला? आणि असतील, तर हाच पत्ता पुढच्या प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडतो: जे उघडलं त्यात हा पत्ता दिसला तरच ते तुमचं वॉलेट.

नाणी एक्स्चेंजच्या खात्यातच होती तर रिसेटशी काही संबंध नाही, लॉगिन करा. हार्डवेअर वॉलेट असेल तर की त्या उपकरणात आहेत, ॲप पुन्हा टाका. तेच वॉलेट मोबाइलवरही असेल तर ते उघडा, सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवून देणारे १२ किंवा २४ शब्द) लिहून घ्या.

सीड फ्रेज हाताशी असेल तर

डिस्कला हात लावायची गरज नाही. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर तेच वॉलेट अधिकृत साइटवरून घ्या (सर्च इंजिनमधल्या जाहिरातीवर क्लिक करू नका, बनावट वॉलेट तिथेच लावलेली असतात) आणि ‘रिस्टोअर’ किंवा ‘इम्पोर्ट’ निवडून शब्द भरा. बहुतेकांचं काम इथेच होतं.

शब्द स्वीकारले गेले पण शिल्लक शून्य दिसली, तर घाबरू नका आणि शब्द चुकीचे आहेत असंही समजू नका. नेहमीची कारणं ठरलेली आहेत. इलेक्ट्रम या बिटकॉइन वॉलेटचे १२ शब्द त्याच्याच पद्धतीचे असतात, ते बीआयपी३९ (बहुतेक वॉलेट वापरतात ती शब्दांची पद्धत) नसतात; दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकले तर सहसा ‘इनव्हॅलिड’ येतं. उलट, दुसऱ्या वॉलेटचे बीआयपी३९ शब्द इलेक्ट्रममध्ये टाकायचे तर ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन बीआयपी३९ वर टिक करावी लागते. पुढच्या पडद्यावर पत्त्याचा प्रकार विचारला जातो. जुना पत्ता १ ने सुरू होत असेल तर लेगसी, बीसी१क्यू ने होत असेल तर नेटिव्ह सेगविट. ३ ने होत असेल तर एका किल्लीच्या वॉलेटसाठी पी२एसएच-सेगविट. प्रकार चुकला की त्याच शब्दांतून वेगळेच, रिकामे पत्ते तयार होतात. तिथलंच ‘डिटेक्ट एक्झिस्टिंग अकाउंट्स’ बटण हे काम बऱ्याचदा करून टाकतं.

शब्दांबरोबर वेगळा पासफ्रेज (स्वतः ठरवलेला जादा गुप्त शब्द) लावला होता का, तेही आठवा. चुकीच्या पासफ्रेजला कुठलाही एरर येत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. मेटामास्क या ब्राउझरमधल्या वॉलेटमध्ये आणखी एक गोष्ट आहे: प्रायव्हेट की टाकून जोडलेली खाती सीड फ्रेजने परत येत नाहीत, त्यांची की वेगळी शोधावी लागते.

एक शब्द वाचता येत नसेल तर वॉलेट गेलं असं नाही. बीआयपी३९ च्या यादीत २०४८ शब्द आहेत आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं वेगळी आहेत. १२ पैकी एक शब्द गहाळ असेल तर चेकसमच्या (शब्द एकमेकांशी जुळतात का या तपासणीच्या) चाळणीतून साधारण १२८ पर्याय उरतात, २४ पैकी एक गहाळ असेल तर ८. बीटीसीरिकव्हर नावाचं मुक्त सॉफ्टवेअर हे काही वेळातच तपासतं, त्याला फक्त तुमचा जुना पत्ता द्यायचा. हे इंटरनेट तोडलेल्या मशीनवरच करा.

सीड फ्रेज नसेल तर: नेमकी कुठली फाइल हवी

बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ वॉलेट सॉफ्टवेअरची फाइल म्हणजे वॉलेट.डॅट, ती यूजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, रोमिंग, बिटकॉइन या क्रमाने असते, नंतरच्या आवृत्त्यांत त्याच्याही आत ‘वॉलेट्स’मध्ये. इलेक्ट्रमची फाइल रोमिंगमधल्या इलेक्ट्रम फोल्डरच्या ‘वॉलेट्स’मध्ये असते. मेटामास्कचा डेटा क्रोमच्या प्रोफाइलमध्ये, ‘लोकल एक्स्टेन्शन सेटिंग्ज’ खालच्या एन-के-बी-आय-एच या अक्षरांनी सुरू होणाऱ्या लांबलचक नावाच्या फोल्डरमध्ये असतो. क्रोमचं सिंक मेटामास्कचं एक्स्टेन्शन परत आणतं, आतल्या की आणत नाही. म्हणून ते रिकामं दिसलं की ‘क्रिएट अ न्यू वॉलेट’ दाबू नका, त्यातून जुन्याशी संबंध नसलेलं नवं वॉलेट बनेल.

जुने पेन ड्राइव्ह, बॅकअप डिस्क, आधीचा लॅपटॉप आधी चाळा. वनड्राइव्हवर फार आशा ठेवू नका, ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतं, ॲपडेटाचा नाही.

डिस्कची इमेज: इथेच बहुतेकांचं चुकतं

रिसेट करताना ‘कीप माय फाइल्स’ निवडलं असेल तर सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड फोल्डर उरलेलं असू शकतं आणि त्याच्यात जुना ‘यूजर्स’ अख्खा सापडू शकतो. विंडोज हे फोल्डर साधारण १० दिवसांत स्वतःच पुसते. ते बघायला विंडोज सुरू करू नका. खालच्या पद्धतीने इमेज घ्या आणि इमेजमध्ये बघा.

इमेज म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक सेक्टरची, रिकाम्या म्हणून नोंदलेल्या जागेसकट, जशीच्या तशी प्रत. नेहमीचं कॉपी-पेस्ट किंवा विंडोजचा बॅकअप म्हणजे इमेज नव्हे, त्यात पुसलेली जागा येतच नाही. सगळी शोधाशोध या प्रतीवर करायची, मूळ डिस्क काढून कपाटात ठेवायची. हा टप्पा वगळून थेट मूळ डिस्कवर प्रयोग केले तर दुसरी संधी उरत नाही. दुकानदार ‘लगेच काढून देतो’ म्हणाला तरी इमेजशिवाय काम सुरू करू देऊ नका.

लागेल काय: दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवलेला उबुंटूचा बूटेबल पेन ड्राइव्ह आणि मूळ डिस्कपेक्षा मोठी बाहेरची डिस्क. ५०० जीबीच्या डिस्कसाठी १ टीबीची घ्या. ती आधीच एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि काम मध्येच अडकतं. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून ‘ट्राय उबुंटू’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नाही. डाव्या बाजूला जुनी डिस्क दिसेल, तिच्यावर क्लिक करू नका. क्लिक केलं की ती माउंट होते आणि तिच्यावर काहीतरी लिहिलं जाऊ शकतं.

इमेजसाठी डीडीरेस्क्यू हे डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर वापरा. आधी टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही आज्ञा देऊन कुठली डिस्क कुठल्या नावाने दिसते ते आकारावरून ओळखा आणि कागदावर लिहा. डीडीरेस्क्यूमध्ये क्रम असा: आधी जुनी डिस्क, मग बाहेरच्या डिस्कवरच्या इमेज फाइलचं नाव, मग नोंद ठेवणारी मॅप फाइल. हा क्रम उलटला तर जे वाचवायचं तेच पुसलं जाईल. एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाचा. दुसऱ्या जागी फाइलऐवजी अख्खी डिस्क दिली असेल तर डीडीरेस्क्यू स्वतः थांबतं आणि ‘फोर्स’ मागतं. फोर्स मागितला म्हणजे ओळ चुकली आहे. ‘फोर्स’ लावून पुढे जा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मॅप फाइल जपा. वीज गेली तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम राहिलं तिथून सुरू होतं.

आता अपेक्षेबद्दल स्पष्ट सांगतो. जुनी, फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क असेल आणि तिच्यावर फारसं काम झालं नसेल तर शक्यता चांगली असते. एसएसडी असेल तर कमी. विंडोज ७ पासून फाइल पुसली की एसएसडीला ट्रिमचा (‘ही जागा आता मोकळी’ असा) संदेश जातो आणि ती जागा वाचायला गेलं तर सहसा शून्यं मिळतात. इमेज हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा. रिकाम्या भागात नुसती शून्यं दिसली तर तिथे शोधण्यासारखं काही नाही. रिसेट करताना ‘क्लीन डेटा’ चालू केलं असेल तरी तेच. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर इमेज वाचायला ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. टी२ किंवा ॲपलची स्वतःची चिप असलेला मॅक ‘इरेज ऑल कंटेंट’ने पुसला असेल तर पैसे खर्च करू नका, तिथे एन्क्रिप्शनची किल्लीच नष्ट होते.

इमेजमध्ये शोध

टेस्टडिस्क या रिकव्हरी सॉफ्टवेअरने इमेज उघडा, पुसलेल्या फाइली नावासकट दिसतात का बघा. दिसल्या तर उतरवून घ्या, काम झालं.

नावं गेली असतील तर आतल्या खुणेवरून शोधायचं. जुन्या वॉलेट.डॅटमध्ये सुरुवातीचे १२ बाइट सोडले की ६२ ३१ ०५ ०० हे हेक्स अंक येतात. फोटोरेक या खुणेवरून फाइल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ही खूण सिग्नेचर फाइलमध्ये लिहून देता येते. नवी बिटकॉइन कोअर वॉलेट एसक्यूलाइट प्रकारची असतात, ती फोटोरेक स्वतःच ओळखतं. फाइल तुकड्यांत सापडली तर पायवॉलेट या सॉफ्टवेअरच्या रिकव्हर सोयीने इमेजमधून थेट की वेचता येतात, मात्र जुन्या प्रकारच्या वॉलेटमधूनच.

मेटामास्कसाठी वर सांगितलेल्या एन-के-बी-आय-एच फोल्डरमधल्या लॉग आणि एलडीबी फाइली हव्यात. लॉग आधी बघा, ती साधी असते. एलडीबीमध्ये मजकूर दाबून ठेवलेला असू शकतो. ‘व्हॉल्ट’ (की कुलूपबंद ठेवलेला भाग) या शब्दापाशी डेटा, आयव्ही आणि सॉल्ट असे तीन भाग दिसले की तो तुकडा मेटामास्कच्याच व्हॉल्ट डिक्रिप्टरमध्ये, ऑफलाइन, जुन्या पासवर्डने उघडतो.

पासवर्ड अर्धवट आठवत असेल तर आठवतात ते तुकडे यादीत लिहून बीटीसीरिकव्हरला द्या. सगळ्या अक्षरांची सगळी जुळणी करून बघू नका: बिटकॉइन कोअर प्रत्येक पासवर्डवर किमान २५,००० वेळा एसएचए-५१२ हे गणित चालवतं, त्यामुळे आंधळा शोध वर्षानुवर्षं संपत नाही.

टेलिग्रामवर ‘वॉलेट रिकव्हरी एक्सपर्ट’ भेटतील. सीड फ्रेज मागणारा किंवा आधी फी मागणारा माणूस चोर आहे, अपवाद नाही. पैसे दिले गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

सापडल्यावर

फाइलची प्रत करा आणि प्रतच उघडा. बिटकॉइन कोअरच्या नव्या आवृत्तीत जुनं वॉलेट थेट उघडलं नाही तर ‘मायग्रेट’ (नव्या प्रकारात रूपांतर) करावं लागतं. पूर्ण ब्लॉकचेन सिंक होईपर्यंत शिल्लक शून्य दिसू शकते, ते साहजिक आहे. मग नव्या सीड फ्रेजचं वॉलेट बनवा, आधी छोटी रक्कम पाठवून बघा, मग उरलेली.

शिल्लक अपेक्षेपेक्षा कमी आली तर इमेज पुसू नका. जुनं बिटकॉइन कोअर प्रत्येक व्यवहारातली उरलेली रक्कम नव्या पत्त्यावर टाकत असे आणि २०१६ च्या ०.१३ आवृत्तीआधीच्या बॅकअपमध्ये पुढच्या १०० पत्त्यांच्याच की असत. त्यापुढचे पत्ते वापरले गेले असतील तर त्यांच्या की नंतरच्या वॉलेट.डॅटमध्येच मिळतील. एक फाइल सापडली म्हणून थांबू नका, इमेजमध्ये त्याहून नवी फाइल आहे का बघा.