महापालिकेचे अंदाजपत्रक कसे वाचावे

दरवर्षी साधारणपणे जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत राज्यातील महापालिकांची अंदाजपत्रके सादर होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एकूण रकमेचा आकडा ठळक छापला जातो. मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते, हे अनेकांच्या लक्षात राहिले. पण आपल्या भागातील पाणी, सांडपाणी, कचरा आणि रस्ते यांच्या वाट्याला नेमके काय येणार, हे अशा एकूण आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी मूळ पुस्तिका उघडावी लागते. ती वाचायला लेखापाल असण्याची गरज नाही. काय आधी पाहायचे आणि कशावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, एवढे ठाऊक असले की पुरते.

प्रथम योग्य प्रत मिळवावी. महापालिकेच्या संकेतस्थळावर लेखा व वित्त विभागाच्या पानावर ती बहुधा असते. आयुक्तांचे निवेदन आणि अंदाजपत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; निवेदनात नव्या योजनांची वर्णने असतात, आकड्यांचा खरा तपशील पुस्तिकेत असतो. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, नगरसेवकांची ही समिती त्यात फेरफार करून ते सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेपुढे ठेवते आणि सभेच्या मंजुरीनंतर ते अंतिम होते. या प्रवासात एकूण रक्कम बहुधा वाढते, म्हणून शक्यतो आयुक्तांची आणि मंजूर झालेली अशा दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्यात. मार्च २०२२ पासून पुढील काही वर्षे अनेक महापालिकांत निवडून आलेली सभा नव्हती आणि कारभार प्रशासकांकडे होता, त्यामुळे त्या वर्षांसाठी हा फरक आढळणार नाही. मुंबईचे अंदाजपत्रक तर अनेक भागांत विभागलेले असते: शिक्षणाचा ‘ई’ आणि पाणीपुरवठा व मलनिःसारणाचा ‘ग’ हे भाग वेगळे असतात, ते मूळ ‘अ’ भागात शोधू नयेत.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमेच्या किंवा खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे, साधारणपणे चार रकाने असतात: गेल्या पूर्ण झालेल्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. बातम्या चौथ्या रकान्यावर बेतलेल्या असतात. वाचकाने मात्र पहिल्यापासून सुरुवात करावी. महापालिकेला तुटीचे अंदाजपत्रक मांडता येत नाही, जमा आणि खर्च जुळावेच लागतात. त्यामुळे खर्चाची यादी वाढली की ती सामावून घेण्यासाठी जमेची बाजू फुगवली जाते. वर्ष सरताना अपेक्षित पैसा आलेला नसतो आणि मग कोणती कामे मागे पडतात याचा निर्णय जाहीर सभेत नव्हे, बिले मंजूर होण्याच्या टेबलावर होतो. म्हणून मागील तीन वर्षांच्या पुस्तिका काढून एकूण जमेचा मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष जमा यांचे गुणोत्तर मांडावे. तीनही वर्षे प्रत्यक्ष जमा अंदाजाच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास असेल, तर यंदाच्या प्रत्येक घोषणेकडे त्याच प्रमाणात पाहावे.

जमेच्या बाजूला मालमत्ता कराची ओळ सावकाश वाचावी. समजा, एखाद्या शहरात चालू वर्षाची मागणी, म्हणजे आकारलेला कर, २०० कोटी आणि मागील थकबाकी ३०० कोटी आहे. वर्षभरात चालू मागणीपैकी १५० कोटी आणि थकबाकीपैकी ४० कोटी वसूल झाले. चालू कराची वसुली ७५ टक्के आहे असे प्रशासन सांगेल आणि ते खरेच असेल. एकूण मागणीशी तुलना केली तर मात्र हीच वसुली ३८ टक्के भरते. आता पुढील वर्षाच्या अंदाजात या शीर्षाखाली ३२० कोटी दाखवले असतील, तर १९० वरून ३२० पर्यंतची वाढ कोठून येणार, हा रास्त प्रश्न आहे. नव्या मालमत्तांची नोंदणी होणार आहे का, करयोग्य मूल्याची फेरआकारणी होणार आहे का, की केवळ थकबाकी वसूल होईल असे गृहीत धरले आहे? थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागत जाते, दुबार नोंदींची आणि न्यायालयात अडकलेली रक्कमही त्यातच असते, त्यामुळे थकबाकीचा सगळा आकडा वसूल होण्यासारखा नसतो. ‘थकबाकी वसूल करून विकासकामे करू’ असे वाक्य ऐकले की ही विभागणी मागावी.

दुसरी मोठी रक्कम वस्तू व सेवा कराच्या भरपाईची असते. जकात ही एके काळी महापालिकांची रोजची रोकड होती. बहुतेक शहरांत तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, १ ऑगस्ट २०१५ पासून तो करही बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि मुंबईत जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत टिकली. त्यानंतर राज्य शासनाने कायदा करून महापालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढीव भरपाई देण्याची तरतूद केली. ही रक्कम नियमित येते, पण ती महापालिकेच्या हातातली नाही. म्हणून ‘स्वतःचे उत्पन्न’ मोजताना ती वेगळी काढावी. ती वजा केल्यावर जे उरते, त्यावरून शहर स्वतःच्या पायावर कितपत उभे आहे हे दिसते.

तिसरे शीर्ष बांधकाम परवानगी व विकास शुल्काचे. वाढत्या शहरांत यातून मोठी रक्कम मिळते, परंतु घरबांधणीचा बाजार मंदावला की ती पहिल्यांदा आटते. एकदाच मिळणाऱ्या या पैशावर वेतन, निवृत्तिवेतन, वीजबिले असे दरवर्षीचे खर्च चालवले जात असतील, तर ती या अंदाजपत्रकातील सर्वांत गंभीर बाब आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान तपासताना त्यातील किती रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधील आहे एवढे पाहिले तरी चालते.

खर्चाच्या बाजूला महसुली (दरवर्षीचा चालू खर्च) आणि भांडवली (नवी बांधकामे व मोठे प्रकल्प) असे दोन भाग असतात. महसुली भागात आस्थापना खर्च (वेतन, निवृत्तिवेतन), वीज, कचरा वाहतूक आणि कर्जावरील व्याज यांची बेरीज आधी करावी. हा बांधील खर्च टाळता येत नाही. पाणीपुरवठ्याचा ताळेबंद स्वतंत्रपणे मांडावा. एका बाजूला पाणीपट्टीची प्रत्यक्ष वसुली आणि दुसऱ्या बाजूला पंपिंगची वीज, जलशुद्धीकरण, दुरुस्ती, कर्मचारी आणि पाटबंधारे खात्याला द्यावयाचे कच्च्या पाण्याचे शुल्क घेतले की तूट किती आणि ती कोणत्या करातून भरली जाते हे दिसते.

भांडवली भागात कामाच्या नावापेक्षा त्यामुळे पुढे द्याव्या लागणाऱ्या रकमेकडे, म्हणजे दायित्वाकडे, लक्ष द्यावे. उड्डाणपुलाची एकूण किंमत ८० कोटी आणि यंदाची तरतूद ५ कोटी असेल, तर ठेकेदाराचे उरलेले पैसे पुढील वर्षांवर चढतात. मलशुद्धीकरण केंद्रासाठी केंद्र शासनाचे अनुदान मिळत असले, तरी ते केंद्र चालवण्याचा दरवर्षीचा खर्च महसुली भागात कोठे धरला आहे, हे शोधावे. पुष्कळदा तो सापडत नाही. लोकांकडून वा संस्थांकडून कर्ज घेण्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचेही तसेच. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेव्हा त्याचे देशभर कौतुक झाले. वाचकाने मात्र व्याज आणि मुद्दल फेडीच्या तरतुदीची ओळ दरवर्षी पाहत राहावी.

वर्षाच्या मध्यावर ‘वर्गीकरण’ नावाचे प्रस्ताव येऊ लागतात, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवली जाते. आपल्या प्रभागातील पावसाळी गटाराचा निधी सुशोभीकरणाकडे गेला, हे पुस्तिकेत कधीच दिसत नाही. त्यासाठी स्थायी समितीची कार्यपत्रिका आणि ठराव वाचावे लागतात.

सूचना द्यायची असेल तर अंदाजपत्रक सादर होण्याची वाट पाहू नये. विभागांकडून मागण्या गोळा करण्याचे काम त्याच्या काही महिने आधी सुरू झालेले असते. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना मागवल्या जातात. इतर शहरांत क्षेत्रीय कार्यालयाला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. मंजूर कामाचे पुढे काय झाले, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा, आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. ‘निधी कोठे गेला’ असे मोघम विचारू नये. लेखाशीर्षाचा क्रमांक लिहून त्याखालील मूळ तरतूद, वर्गीकरणाने वाढलेली किंवा कमी झालेली रक्कम, कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करण्याच्या आदेशाची) तारीख आणि आजअखेर अदा केलेल्या बिलांची यादी एवढ्या चार गोष्टी मागाव्यात.