‘कायदेशीर’ हा एकच शब्द सगळीकडे लावताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर असो की निपाणी, तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाच्या तोंडी एक शब्द हमखास असतो: कायदेशीर. जागा कायदेशीर, वारस कायदेशीर, मोर्चा कायदेशीर, बॉण्डही कायदेशीर. ऐकायला भारदस्त वाटतं, पण अर्ज वाचणाऱ्या साहेबाला त्यातून काही कळत नाही. परवानगी होती का, नोंद झाली का आणि कोर्टात टिकेल का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला मराठीत वेगळा शब्द आहे. तो चुकला की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

“बॉण्डवर लिवलंय की, कायदेशीरच हाय”

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बॉण्डवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर, लिहिलेला व्यवहार म्हणजे ‘लेखी’ व्यवहार, एवढंच. त्यावर नोटरीचा गोल शिक्का बसला, तिकीट चिकटलं, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या की तो ‘नोटरी केलेला’ झाला. म्हणजे अमक्या माणसाने आपल्यासमोर सही केली, याची ग्वाही नोटरीने दिली. जागा तुमची झाली, असं तो कुठेच म्हणत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीचं खरेदीपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं. तिथे नोंदवलेला दस्त तो ‘नोंदणीकृत’. दुकानाचा भाडेकरार अकरा महिन्यांचाच का करतात, त्याचं उत्तरही याच कलमात आहे: वर्षाहून जास्त मुदत धरली की नोंदणी आली.

नुसतं संचकारपत्र (विसार देऊन केलेला खरेदीचा करार) आणि मुखत्यारपत्र घेऊन प्लॉट ‘घेतलेले’ लोक बेळगावच्या आसपास कमी नाहीत. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. तेव्हा अर्जात “कायदेशीर खरेदी केली” असं ठोकून देऊ नका. “नोंदणीकृत खरेदीपत्राने घेतली” असं लिहा आणि पुढे दस्त क्रमांक व तारीख टाका. तो क्रमांक देता येत नसेल, तर अर्ज बाजूला ठेवून आधी वकील गाठा.

जाता जाता, बनावट स्टॅम्पवाला तेलगी आपल्या खानापूरचाच. त्या घोटाळ्यानंतर कर्नाटकात जुने स्टॅम्प पेपर जाऊन ई-स्टॅम्प आले. त्याने कागदाची खात्री झाली, व्यवहाराची नाही. नोंदणीकृत दस्तही ‘वैध’ असेलच असं नाही. बहिणीचा हिस्सा भावाने परस्पर विकला, तर रजिस्टर झालं म्हणून तो हिस्सा जात नाही.

उताऱ्याचंही तेच. उताऱ्यावर नाव चढलं म्हणजे महसूल खात्याने नोंद घेतली. ती मालकी ठरवत नाही, म्हणून “उताऱ्याप्रमाणे खातेदार” एवढंच लिहावं.

‘कायदेशीर वारस’ म्हणजे नक्की कोण?

इथे तीन माणसं एकमेकांत मिसळतात. वारसा कायद्याने ज्याला हिस्सा मिळतो तो वारस. मृत्युपत्राने ज्याला दिलं तो लाभार्थी. तो पुतण्या असेल, शेजारी असेल. आणि बँकेच्या खात्यावर ज्याचं नाव लावलं तो नॉमिनी. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण त्यावर हक्क वारसांचा राहतो. “नॉमिनी मीच, म्हणून वारस मीच” या एका वाक्यावरून भाऊबंदकी पेटलेली घरं गावोगावी सापडतील.

दुसरी चूक वंशावळीतली. नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, द्यायच्या वंशावळीतून लग्न झालेल्या मुलींची नावं गाळतात आणि खाली बिनदिक्कत “एवढेच कायदेशीर वारस” असं लिहून देतात. हे नुसतं अपुरं नाही, खोटं आहे. कर्नाटकाने १९९४ मध्येच हिंदू एकत्र कुटुंबातल्या अविवाहित मुलींना सहहिस्सेदार केलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदही गेला. आक्काला हिस्सा नको असेल, तर तिचं नाव वंशावळीत घालून तिच्याकडून रीतसर नोंदणीकृत हक्कसोड घ्या. तोंडी “नको म्हणालीय ती” याला कागदावर किंमत नाही.

अक्रम, अनधिकृत, बगर हुकूम

कन्नड फॉर्म मराठी डोळ्यांनी वाचला की घोळ होतो. तिकडचा ‘अक्रम’ म्हणजे क्रम चुकलेला नव्हे. नियम सोडून केलेलं ते अक्रम आणि नियमात बसवलेलं ते सक्रम. म्हणजे कर्नाटकाच्या अक्रम-सक्रम योजनेसाठी अर्ज करणारा माणूस आपलं बांधकाम नियमाबाहेरचं आहे, हे आधी मान्य करतो. त्याच अर्जात “माझे बांधकाम पूर्णतः कायदेशीर आहे” असं लिहिलं की दोन्ही विधानं एकमेकांना खातात. शहरी बांधकामांची ही योजना तर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकली.

‘बगर हुकूम’ म्हणजे सरकारी जमिनीत हुकमाशिवाय केलेली कसवणूक. तिच्यासाठी फॉर्म ५०, ५३ आणि ५७ असे टप्प्याटप्प्याने निघाले. इथेही “वडिलोपार्जित मालकीची जमीन” लिहिणारे भेटतात. अहो, मालकीची असती तर हा फॉर्म कशाला भरला असता?

शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करताना उलटी गंमत. विनापरवाना चढवलेला मजला ‘अनधिकृत’. त्याला लोक सरळ ‘गुन्हा’ म्हणून मोकळे होतात. “परवान्यात एक मजला, प्रत्यक्षात दोन” एवढं लिहा. निवाडा तुम्ही द्यायचा नसतो.

‘सनदशीर’ म्हणजे परवानगी असलेलं नव्हे

सीमाभागात हा शब्द घराघरात आहे. सनदशीर म्हणजे घटनेच्या चौकटीतला मार्ग: निवेदन, सभा, उपोषण, किंवा सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. पण सनदशीर मोर्चालाही पोलिसांची परवानगी वेगळी लागू शकते, आणि जमावबंदी असेल तर हेतू कितीही चांगला असो, आदेश मोडल्याचा गुन्हा होतो. जमावबंदीचं जुनं कलम १४४ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालं आहे. निवेदनात अजून जुनाच आकडा दिसतो. “शांततेत काढणार आहोत” हे आश्वासन झालं. “परवानगी मिळावी” ही मागणी वेगळ्या ओळीत, तारीख, वेळ आणि मार्गासकट लिहा.

निवेदन मराठीत दिलं तर चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडायला राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा चालते. उत्तर कोणत्या भाषेत यावं, याबद्दल मात्र ते कलम काही बोलत नाही. खिडकीवर कुणी कागद परत ढकलला तर वाद घालत बसू नका. कलमाचा उल्लेख करून तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.