आवेगी माणूस आणि आवेगातला प्रयत्न: या विषयावर थिसिस घेणाऱ्यांसाठी

‘आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींचे स्वभावविशेष आणि आवेगशीलता’ हा विषय मी थिसिससाठी घेतला, तेव्हा उत्तर मनात आधीच ठरलेलं होतं. तापट, उतावीळ, मागचापुढचा विचार न करणारी माणसं असं करत असणार. स्केल भरून घ्यायचं, स्कोअर जास्त येणार, चर्चेचं प्रकरण लिहून मोकळं व्हायचं. वॉर्डात बसून माणसांशी बोलायला लागले आणि हा समज पार मोडला. तुम्हाला हाच किंवा याच्या आसपासचा विषय मिळाला असेल, तर माझे जे महिने वाया गेले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

सुरुवातीलाच भेटलेले एक गृहस्थ सांगते. ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलेला माणूस. बॅरेट स्केलचे, म्हणजे आवेगशीलता मोजणाऱ्या प्रश्नावलीचे, 30 प्रश्न त्यांनी प्रत्येकी दोनदा वाचले. एका ठिकाणी खूण चुकली, तर ती खोडून शेजारी छोटी सही केली. या स्केलवर 30 ते 120 यांच्या दरम्यान गुण मिळतात आणि त्यांचे गुण माझ्या तोवरच्या यादीत सगळ्यात कमी होते. आवेगशीलता जवळजवळ नाहीच, असं मी वहीत लिहिलं.

मग मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला, आडवी रेघ मारली आणि म्हटलं, ‘त्या संध्याकाळी मनात विचार आला ती वेळ इथे दाखवा, आणि प्रत्यक्ष कृती केली ती वेळ इथे.’ त्यांनी दोन खुणा केल्या. मधे एक शब्द लिहायलाही जागा उरली नव्हती. काही वेळ ते कागदाकडे बघत राहिले. मग रेघेच्या डाव्या टोकाला, खूप मागे, त्यांनी स्वतःहून तिसरी खूण केली. म्हणाले, ‘इथून झोप लागत नव्हती.’

माझ्या विषयाचं सगळं सार त्या कागदावर होतं. माणूस आवेगी असणं वेगळं आणि प्रयत्न आवेगात होणं वेगळं. पहिली गोष्ट स्वभावाची, दुसरी एका संध्याकाळची. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यात, मी दोन्हींसाठी एकच शब्द वापरला होता आणि माझ्या गाईड मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारून ‘कोणती?’ एवढंच लिहिलं होतं. तेव्हा मला तो शब्दच्छल वाटला. तो नव्हता.

वाचायला सुरुवात कराल तेव्हा ही दोन टोकं शेजारी ठेवून वाचा. 2001 साली सायमन आणि सहकाऱ्यांनी 13 ते 34 वयोगटातल्या, जिवावर बेतलेल्या प्रयत्नातून वाचलेल्या 153 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 24 टक्के लोकांच्या बाबतीत निर्णय आणि कृती यांच्यात 5 मिनिटांचाही अवधी गेला नव्हता. 2009 मध्ये डायझेनहॅमर यांच्या गटाने 82 जणांना विचारलं, तर जवळजवळ निम्म्यांनी विचार येण्यापासून कृतीपर्यंतचा वेळ 10 मिनिटं किंवा त्याहून कमी सांगितला. एवढंच वाचलं तर वाटतं, आवेगशीलता हेच कारण. पण 2014 मध्ये अॅनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्वभावातली आवेगशीलता आणि आत्मघाती वर्तन यांचा संबंध होता, पण अगदी किरकोळ. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. तुम्ही काय मोजताय ते ठरलेलं नसेल, तरच तो दिसतो.

आता मोजण्याबद्दल. बॅरेट स्केलची 1995 सालची अकरावी आवृत्ती सगळेच वापरतात, तुमच्याही हातात तीच येईल. ती वाईट नाही. लक्ष टिकवणं, शरीराने झटकन कृती करणं आणि पुढचा विचार करणं असे तीन पदर ती वेगळे दाखवते. फक्त एकूण गुण देऊन थांबू नका. जमलं तर व्हाइटसाइड आणि लायनम यांची 2001 सालची यूपीपीएस मांडणी जोडा; ती आवेगशीलतेचे वेगवेगळे घटक सुटे करून मोजते. तिच्यात ‘अर्जन्सी’ म्हणजे मन फार दुखावलं असताना हातून भलतंसलतं होऊन जाण्याची प्रवृत्ती वेगळी मोजली जाते. एरवी शांत, नेमस्त असणारा माणूस तीव्र वेदनेत कसा वागतो, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि एकूण आवेगशीलतेच्या आकड्यात तो बुडून जातो.

प्रयत्नात किती पूर्वतयारी होती हे पाहायला बेक यांचं 1974 सालचं सुइसाइड इंटेंट स्केल आहे. त्याच्या जोडीला माझी ती कागदावरची रेघ जरूर काढा. स्केलच्या चौकटीत न बसणारं बरंच काही माणसं रेघेवर सांगतात. विचार महिनोन् महिने येत-जात होता आणि कृती मात्र क्षणात झाली, असं सांगणारे मला बरेच भेटले. त्यांना ‘आवेगी’ म्हणायचं की ‘नियोजित’? मी शेवटी दोन वेगळे रकाने केले: विचार पहिल्यांदा कधी आला, आणि त्या दिवशीचा निर्णय कधी झाला. हे पहिल्या केसपासून करा. मी पंचविसाव्या केसला सुरू केलं आणि आधीच्या चोवीस जणांची ती माहिती कायमची गेली.

भाषांतरावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. ‘आवेगशीलता’ हा शब्द पुस्तकातला. वॉर्डात तो कुणी बोलत नाही. ‘उतावीळ’ लिहिलं तर त्या शब्दालाच गुडघ्याला बाशिंग बांधलेलं! ऐकणाऱ्याला तो ठपका वाटतो आणि तो लगेच ‘नाही, मी तसा नाही’ म्हणतो. शेवटी ‘मनात आलं की लगेच करून टाकता का?’ अशा साध्या बोलीवर आम्ही आलो. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून पुन्हा मूळ भाषेत, करून घ्या आणि पाच-सात जणांना प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. कुठे अडखळतात ते कान देऊन ऐका.

तुमची स्वतःची भाषाही तपासा. ‘फसलेला प्रयत्न’, ‘यशस्वी आत्महत्या’ हे शब्द माझ्या पहिल्या मसुद्यात होते. जिवंत राहिलेल्या माणसाला आपण ‘फसला’ म्हणत होतो, हे लक्षात आलं तेव्हा फार लाज वाटली.

स्वभावविशेषांचा भाग वरवर सोपा दिसतो. न्यूरॉटिसिझम, म्हणजे मन पटकन अस्वस्थ होण्याचा कल, जास्त आणि बहिर्मुखता कमी, हे पुन्हा पुन्हा आढळतं. तुमच्याही डेटात बहुधा येईल. पण नैराश्यात असलेल्या माणसाला ‘तुम्ही एरवी कसे असता?’ असं विचारलं, तर तो आजचाच रंग लावून उत्तर देतो. माझ्याकडे काही जणांनी प्रयत्नानंतर तिसऱ्या दिवशी प्रश्नावली भरली आणि सहा आठवड्यांनी तीच पुन्हा भरली, तेव्हा वेगळाच माणूस उत्तरं देतोय असं वाटलं. प्रकृती स्थिर होऊ द्या, शक्य असेल तर दुसऱ्यांदा मोजा, संमती घेऊन घरच्या एखाद्या माणसाशी बोला. तुलनेसाठी नुसती निरोगी माणसं घेऊ नका. नैराश्य आहे पण प्रयत्न कधी केलेला नाही असा गट नसेल, तर तुम्ही नैराश्यच मोजून त्याला स्वभावाचं नाव द्याल.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाबद्दल, म्हणजे भावना फार तीव्र असणं आणि झपाट्याने बदलणं, नाती अस्थिर असणं अशा निदानाबद्दल, एक गोष्ट कळकळीने सांगते. हे निदान फाइलवर लिहिलं की भोवतालचे आवाज बदलतात. ‘लक्ष वेधण्यासाठी करते’ हे वाक्य मी राउंडला ऐकलं आहे आणि गप्प बसले आहे. त्या गप्प बसण्याचं आजही वाईट वाटतं. पूर्वीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सगळ्यात ठळक इशाऱ्यांपैकी एक आहे. वारंवार करणाऱ्याकडे कमी गांभीर्याने पाहणं म्हणजे उलटी गंगा. आणि या मंडळींना मदत होऊ शकते. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी 1991 मध्येच आपल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीने स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी होतात असं दाखवलं होतं.

चर्चेच्या प्रकरणात ‘अमुक स्कोअर आला तर धोका ओळखता येईल’ असं लिहिण्याचा मोह होईल. लिहू नका. 2017 मध्ये फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी 50 वर्षांतले 365 अभ्यास तपासले; एकेक घटक घेऊन केलेलं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं निघालं. तुमच्या कामाचा उपयोग दुसरीकडे आहे. निर्णय आणि कृती यांच्यातला वेळ इतका थोडा असेल, तर तो वाढवता येतो. धोक्याच्या गोष्टी हाताशी नसणं, आणि स्टॅनली व ब्राउन यांचा सेफ्टी प्लॅन, म्हणजे त्या वेळी काय करायचं, कुणाला हाक मारायची हे आधीच कागदावर लिहून ठेवणं, याचं बळ इथून येतं. लाट ओसरते. प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. संमतीपत्र घेऊन कुणापुढे बसाल तेव्हा हे मनात असू द्या.

पहिल्या मुलाखतीआधी एक तयारी हवीच. ‘अजूनही विचार येतात का?’ याला ‘हो’ उत्तर आलं तर त्या मिनिटाला कुणाला बोलवायचं, हे लिहून ठेवा, आणि गोपनीयतेला जिवाच्या धोक्याचा अपवाद आहे हे संमतीपत्रात स्पष्ट सांगा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार पेरला जात नाही. उलट बऱ्याच जणांचे खांदे सैल पडताना मी पाहिलेत. असं ‘हो’ आलं की स्केल बाजूला ठेवायचं. त्या दिवशी डेटा नाही मिळाला तरी चालेल.

आणि तुमचं स्वतःचं. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती मी घेत नसे, आणि दर आठवड्याला मॅडमसमोर बसून एका केसबद्दल नुसतं बोलत असे, आकड्यांशिवाय. हे ऐकता ऐकता तुमच्याही मनात असे विचार डोकावले, किंवा विषय घेण्याआधीपासूनच येत असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. थिसिसची मुदत वाढवून मिळते.

हिशेबवाले गृहस्थ सहा आठवड्यांनी पाठपुराव्याला आले. बॅरेट स्केलचे गुण जवळपास तेवढेच होते. जाताना त्यांनी तो रेघेचा कागद मागितला. मी झेरॉक्स काढून मूळ प्रत त्यांना दिली. त्यांनी दोन खुणांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून वर एक बाण काढला आणि टोकाशी बहिणीचा फोन नंबर लिहिला.