रानआमरी: बागेत, रानात आणि अंगणात या चुका टाळा

कोकणात आंब्याच्या कलमांची साफसफाई करताना बांडगुळाबरोबर आमरीही, म्हणजे झाडावर वाढणारे रानऑर्किडही, कोयत्याने खरवडली जाते. बागायती भागात रानऑर्किडांचे जेवढे नुकसान चोरीने होत असेल, त्याहून अधिक या गैरसमजाने होते, असे माझे मत आहे. बांडगूळ झाडाच्या लाकडात शोषकमुळे घुसवते, म्हणून ते जिथे जडलेले असते तिथे फांदीला बहुधा गाठ आलेली दिसते. आमरीची मुळे मात्र सालीवरच चिकटून पसरतात आणि तिला झाडाकडून हवा असतो तो केवळ आधार. शंका आल्यास त्या जाड, पांढरट मुळांवर थोडे पाणी शिंपडावे. मुळांवरचे सच्छिद्र आवरण पाणी शोषते, आतले हरितद्रव्य दिसू लागते आणि पांढरे मूळ बघता बघता हिरवट होते. सीतेची वेणी ही आमरी तिच्या लोंबत्या तुऱ्यामुळे फुलोऱ्यात तरी ओळखू येते. पण स्मिथसोनिया वंशातल्या लहानखुऱ्या आमऱ्या नजरेला न पडताच शेवाळाबरोबर निघून जातात. १९७४ साली सी. जे. साल्ढाणा यांनी मांडलेला हा वंश सह्याद्रीच्या परिसरातला आहे. त्यामुळे फांदी खरवडण्याची सवयच मोडलेली बरी.

वाळलेली दिसते म्हणून आमरी मेली असे समजणे, ही दुसरी चूक. डेंड्रोबियम बार्बाट्युलम ही आमरी पावसाळ्यानंतर पाने गाळते आणि पुढे निष्पर्ण, सुरकुतलेल्या खोडांवर पांढरी फुले धरते. नेमक्या याच कोरड्या दिवसांत भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपे वाढवायची जमीन भाजण्यासाठी, ऐन-किंजळ या झाडांची कवळ (पानाफांद्या) तोडली जाते आणि फुललेली आमरी त्या राबात, म्हणजे जाळायच्या ढिगात, जळते. कवळ तोडणे शेतकऱ्याला भाग असते, हे मान्य; पण तोडण्यापूर्वी फांदी खालून निरखून आमरी असलेली तेवढी राखली, तर भाताच्या तरव्याचे (रोपांचे) काही अडत नाही.

वादळात आमरीसह फांदी कोसळली की अनेकजण ती घरी आणून कुंडीतल्या मातीत लावतात. २०२० च्या ‘निसर्ग’सारख्या चक्रीवादळानंतर असे प्रसंग कोकणाला नवे नाहीत. मातीत या मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पाठोपाठ बुंधा काळा व मऊ पडतो. त्याऐवजी पडलेले झाड खाजगी जागेतले असेल तर मालकाला विचारून, आणि वनजमिनीवरचे असेल तर वनखात्याला कळवून, त्याच परिसरातल्या जिवंत झाडावर आमरी बसवावी. आंबा, फणस, ऐन यांची खरबरीत साल चांगली. पेरू, नाणा किंवा निलगिरी यांची साल सुटून पडते, म्हणून ती झाडे टाळावीत. मुळे सालीला टेकतील अशा बेताने रोप काथ्याच्या दोरीने बांधावे. प्लास्टिक गुंडाळू नये, शेण किंवा खत लावू नये, आणि पूर्वी सावलीत असलेले रोप उघड्या उन्हात बांधू नये. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम केले तर नवी मुळे सालीला धरण्यास पावसाची मदत होते. नंतर पाने सुरकुतली, तर पाण्याचा मारा करण्याआधी मूळ चिमटीत धरून पाहावे. टणक असेल तर रोप तहानलेले आहे. पोकळ, कागदासारखे असेल तर मूळ मेले आहे, आणि अधिक पाण्याने उरलेला भागही कुजेल.

बोंड आणून बी पेरण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. एका बोंडात धुळीसारखे हजारो बी असते, पण त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. रुजण्यासाठी त्याला विशिष्ट बुरशीची सोबत लागते आणि ती अंगणातल्या कुंडीत आपोआप मिळत नाही.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या, आमऱ्यांची अडचण निराळी आहे. हबेनारिया वंशातल्या जमिनीवर उगवणाऱ्या आमऱ्या पावसाळ्यानंतर दिसेनाशा होतात आणि त्यांचे कंद जांभ्यावरच्या पातळ मातीत निजून राहतात. उन्हाळ्यात पाहणी करून सडा पडीक ठरवणे आणि त्यावर माती ओतून कलमे लावणे, ही चूक म्हणूनच सहज घडते. अशा जागेची पाहणी जुलै ते सप्टेंबरदरम्यान करावी.

घाटरस्त्यावर विकायला ठेवलेली रानआमरी घेऊ नये. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साईटस करारात संपूर्ण ऑर्किड कुळाचा समावेश आहे आणि राखीव वनातून रोप उपटणे हा गुन्हा आहे. चोरांना जागा कळू नये म्हणून फुलाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना मोबाइलने त्यात नोंदवलेले ठिकाण काढून टाकावे आणि मजकुरात तालुक्यापलीकडचा तपशील देऊ नये.